मारोतरावांनी बुजवलेला नळ

थेंब सुटण्याआधी नळाच्या तोंडाशी फुगायचा, मग लांबायचा, आणि मान अगदी बारीक झाली की खालच्या बादलीत पडायचा. पडताना एक शिंतोडा भिंतीवर जायचा. तिथला चुना फुगून आला होता आणि शेजारच्या खोक्यातल्या तांदळाला वास लागला होता.

नळ गळला की मेंटेनन्सच्या ऑफिसात जाऊन सांगायचं, हा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांतला साधा रिवाज. पण मारोतराव ब्लास्ट फर्नेसवर होते. लोखंडाचा रस वाहून झाला की भट्टीचं भोक खास मातीच्या लगद्यानं बुजवायचं, हे त्यांच्या गँगचं काम.

"मी सांगून येऊ का ऑफिसात?" मथुराबाईंनी नवऱ्याला पुन्हा एकदा विचारलं.

"काय सांगशीन? लोखंड थांबवनाऱ्याच्या घरी पानी थांबून नाही राहिलं? सारी शिफ्ट हासन मले."

त्या मातीचा एक गोळा ते जेवणाच्या डब्यातून घेऊन आले आणि दुपारी अंगठ्यानं नळाच्या तोंडात ठासला. थेंब पडेना. दुपारी नळाला पाणीच नसतं, ही बाब त्यांनी विचारात घेतली नाही.

"पाय, बुजलं का नाही?"

"अन् मंग पानी कसं घेऊ?"

"भोक पाडाचं. आमी भट्टीले रोज पाडतो."

संध्याकाळी पाणी आलं तसा गोळा सुटला आणि खाली ठेवलेल्या कणकेत बसला. मथुराबाईंनी तो उचलून नवऱ्याच्या ताटात वाढला.

शेजारचे लहानू कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. त्यांनी गोळा चेपून पाहिला. "माती बराबर हाये, मारोतराव. पन तिले आच कुठी भेटली? भट्टीत भाजून तिचा दगड होते. थंड्या पान्यात तिनं काय करावं?"

युक्तिवादात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळात नवा गोळा ठासला गेला, त्याच्याखाली स्टुलावर स्टोव्ह पेटला आणि लहानू पंप मारत बसले. भिंत छतापर्यंत काळी झाली. गोळ्याचा मात्र खरोखर दगड झाला. संध्याकाळी पाणी आलं, तरी थेंब नाही. मारोतराव रांगेतल्या प्रत्येक घरी सांगून आले.

परतले तेव्हा मथुराबाई रिकामी बादली घेऊन नळाशी उभ्या होत्या. "आता मले पानी पायजे."

मारोतरावांनी गोळ्याला खालून सळई लावली आणि हातोडा हाणला. भोक पडलं नाही. पुढच्या घावाला अख्खा नळ पाइपातून निखळून हातात आला. गोळा त्यात तसाच पक्का होता.

पाणी समोरच्या भिंतीवर आदळलं. लहानूंनी धावत जाऊन रांगेचा मेन वाल्व बंद केला. घरातला पूर थांबला, आणि सगळ्या रांगेचं पाणीही.

बायका बादल्या घेऊन अंगणात जमल्या. पलीकडच्या सिंधुताई म्हणाल्या, "कावून हो भाऊजी, भट्टी बी अशीच हातात येते का?"

"माती तं पक्की निंगाली, ताई," लहानू म्हणाले.

"मंग तेच घोयून पेतो आता."

मथुराबाईंनी चप्पल घातली. "चला. तुमीच सांगा. मी कायले तोंड दाखवू?"

नळ हातात घेऊन मारोतराव पुढे निघाले आणि बादल्यांसकट रांग मागे. ऑफिसात त्यांच्याच शिफ्टचे भय्याजी पंख्याची तक्रार घेऊन बसले होते.

"काय मारोतराव, तुमी इथं?"

"असाच," मारोतरावांनी नळ पाठीमागे धरला. पाठीमागे सिंधुताई होत्या. त्यांना तो अगदी जवळून दिसला.

टेबलामागच्या कारकून बाबूंनी मान वर न करता विचारलं, "कहाँ काम करते हो?"

"ब्लास्ट फर्नेस."

"शिकायत क्या है?"

मारोतरावांनी भय्याजींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात मथुराबाई उभ्या होत्या. मारोतरावांनी नळ टेबलावर ठेवला.

"बाबूजी, मेरे से नल बंद नहीं होता."