नोलाच्या शेडमधलं रॉकेट

"ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही," असं क्लेम हॅचर कुरलाबीच्या क्लबात दर शुक्रवारी छातीठोकपणे सांगतो, बिअरचा फेस मिशीवरून पुसतो, आणि मग गोष्ट सांगतोच. तेव्हा ती त्याच्याच तोंडच्या तपशिलांनी सांगितलेली बरी.

कुरलाबीत कुठलीही गोष्ट नुसती वाढत नाही, ती रॉकेट होते. पेट्रोल रॉकेट होतं, लोकरीचा भाव रॉकेट होतो, सासू राहायला आली की मेंढ्या भादरणाऱ्या डॅझचा रक्तदाब रॉकेट होतो. त्यामुळे शेजारच्या नोला प्रूइटच्या तोंडून तो शब्द आला, तेव्हा क्लेमने मानही वळवली नसती. पण नोला तो लागोपाठ दोनदा म्हणाली.

"अगं, रॉकेट रॉकेट झालंय!" ती पत्र्याच्या कुंपणापलीकडे फोनवर ओरडत होती. "या उन्हात थांबतंय कुठलं? वरच चाललंय! शेडमध्ये ओल्या गोणपाटाखाली दडवलंय सगळं. उद्या गाडी आली की सुटले. आणि जपून हं, आग लागते आग!"

क्लेमच्या हातातल्या झारीतलं पाणी टोमॅटोऐवजी बुटात गेलं.

जानेवारीचे दिवस, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. गहू कापून झालेला, रानभर वाळली काडं. जिल्ह्यात पूर्ण आगबंदी. उघड्यावर सॉसेज भाजायचीही चोरी. आणि ही बाई शेडमध्ये रॉकेटं दडवते! क्लेम हा गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा कॅप्टन. पण हिवाळ्यात त्याने पाद्र्याच्या पाइपचा धूर पाहून बंब नेला होता, आणि त्यानंतर एकदा मावळत्या सूर्यावर. शनिवारी दलाची निवडणूक होती. आणखी एक खोटी वर्दी, की कॅप्टनचं पांढरं हेल्मेट गेलंच. म्हणून त्याने आधी पुरावा गोळा करायचं ठरवलं.

"नोला," त्याने कुंपणावरून सहज विचारलं, "शेडमध्ये काय गं ठेवलंयस?"

"तुझ्या कामाचं नाही ते."

"म्हणजे?"

"तुला पचायचं नाही, क्लेम. जा, चहा पी."

निरपराध माणूस असा चहा प्यायला धाडतो होय? क्लेमचा संशय रॉकेट झाला.

दुसऱ्या दिवशी शहरातून एक पांढरी व्हॅन आली. ड्रायव्हरने पत्ता विचारायला नेमकी क्लेमच्याच फाटकाशी काच खाली केली.

"काका, रॉकेटवाल्या बाई इथंच का?"

"कशाला हवंय रॉकेट?" क्लेमचा आवाज चिरकला.

"शहरात लोक वेडे झालेत त्यापायी. लग्नात हवं, पार्टीत हवं. म्हाताऱ्यांना जरा जपून द्यावं लागतं."

संपलं. क्लेमने धावत जाऊन भोंगा वाजवला. दलातला डॅझ अर्धी भादरलेली मेंढी तशीच सोडून आला.

"कॅप्टन, धूर कुठाय?"

"धूर निघायच्या आत पोचायचंय, गाढवा!"

"पुन्हा सूर्य नाही ना?"

"बस गाडीत!"

दोन्ही बंब नोलाच्या फाटकातून आत घुसले. फाटक उघडं नव्हतं, एवढंच. चारही बंबांचे पाइप शेडवर रोखले गेले. "पाणी!" क्लेम गरजला, आणि डॅझने व्हॉल्व्ह पुरता फिरवला.

पाइप क्लेमच्या हातून निसटला. पिसाळलेल्या अजगरासारखा तो अंगणभर नाचला, ड्रायव्हरला व्हॅनमध्ये ढकलून आला, वाळत घातलेली नोलाची चादर चर्चच्या कळसावर ठेवून आला, शेडचा दरवाजा बिजागरीसकट उपटून मोकळा झाला आणि शेवटी क्लेमलाच घोड्यासारखं पाठीवर घेऊन फिरू लागला. सातही बंबांवरची माणसं नुसती बघत राहिली.

नोला स्वयंपाकघरातून आली. ॲप्रनला हात पुसले. बंबाशी गेली, व्हॉल्व्ह बंद केला, आणि चिखलात बसलेल्या क्लेमसमोर येऊन उभी राहिली.

"रॉकेट," क्लेम धापा टाकत म्हणाला, "कुठाय?"

तिने शेडमधल्या गोणपाटाखालून एक हिरवी जुडी काढून त्याच्या मांडीवर टाकली. लांबट, कातरलेल्या कडांची पानं.

"हे. सॅलडचा पाला. याचं नाव रॉकेट. ऊन लागलं की भराभर वर जातो, फुलावर येतो, मग कुणी विचारत नाही."

क्लेमला आयुष्यात तीनच भाज्या माहीत होत्या: बटाटा, मटार आणि भाजलेला बटाटा. तरीही तो संशयानेच म्हणाला, "आणि आग?"

"खाऊन बघ."

त्याने मूठभर पानं तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं.

"डॅझ," तो घसा धरून ओरडला, "पाणी!"

"व्हॉल्व्हला हात लावशील तर बघ," नोला म्हणाली, आणि डॅझने चटकन हात खिशात घातला. तेव्हाच डॅझसकट सगळ्या दलाला कळलं, की आपण कुणाचं ऐकतो.

क्लबात गोष्ट इथवर आली की क्लेम ग्लास खाली ठेवतो आणि हळूच पुस्ती जोडतो, "मग शनिवारी मीच उठलो. म्हटलं, मी दमलो, आता नोलाला कॅप्टन करा. माझंच सुचवणं ते! आणि काय सांगू, नऊच्या नऊ बंबांनी भोंगे वाजवून सलामी दिली."

मागच्या शुक्रवारीही त्याने हेच सांगितलं, पण बारच्या टोकाला पांढरं हेल्मेट काखेत धरून नोला बसली होती, ते त्याने पाहिलं नव्हतं.

"क्लेम," ती म्हणाली, "मतदान झालं तेव्हा तू संडासात कडी लावून बसला होतास. आणि कुरलाबीला बंब एकच आहे रे. तुझ्या तोंडात तो रॉकेट झालाय."