पाटी लागली की येतो

"आई, पाटीची काळजी तुम्ही सोडाच! लोक नुसती पाटी वाचून आत शिरतील!" जावई म्हणाला. तो डिझायनर होता. असली वाक्यं त्याला शिंकेसारखी येत.

सासूबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी कोपऱ्यावर गाळा घेतला, मशीन मांडलं आणि कपडे दुरुस्तीचं दुकान थाटलं. तीन महिन्यांत चाललं नाही, तर मुकाट लेकीकडे राहायला यायचं, असं लेकीने कबूल करून घेतलं होतं. तशी वेळ येऊ नये, ही सासूबाईंची इच्छा. जावयाची तर प्रार्थनाच!

पाटीला त्याने हस्ताक्षरासारखा फॉन्ट वापरला. अक्षरं तिरकी, शिरोरेषा मध्येच सुटलेली, जणू कुणी फोनवर बोलता बोलता खरडलंय.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "हा नमुना ना? खरी पाटी कधी येणार?"

"आई, हीच खरी! यात आपुलकी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. इंजेक्शनआधी पेशंटला म्हणावं, तसं.

आठवडाभर चिटपाखरू फिरकलं नाही. लोक थांबत, पाटी वाचत आणि काचेतून हात हलवत. "पाटी लागली की येतो हं!" शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "सावकाश होऊ द्या, काकू." मंगळवारी पाटीवरच कुणीतरी हरवलेल्या मांजराचा फोटो चिकटवला. बुधवारी एका पेंटरने पाटीच्या कोपऱ्यात 'सुबक पाट्या रंगवून मिळतील' असं रंगवून फोन नंबर टाकला. ते इतकं देखणं, की दिवसभरात अकरा जणांनी सासूबाईंना पाट्यांचे दर विचारले!

जावई हटला नाही. त्याने काचेवर त्याच फॉन्टात भलंमोठं स्टिकर लावलं: 'दुकान चालू आहे!' पोरांनी काच खराब केली म्हणून एक सज्जन ओलं फडकं घेऊन आले. घाम फुटेपर्यंत घासलं. "निघत नाही हो," ते हळहळले. "रॉकेल लावून बघा."

शनिवारी सासूबाई उठल्या. खोक्याचा पुठ्ठा कापला, मार्कर घेतला आणि तीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवर लिहीत आल्या त्या ताठ, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'कपडे दुरुस्ती. आत या.' पुठ्ठा दाराला टांगला.

आणि लोक आले! कुणी उसवलेली पँट घेऊन, कुणी लांब झालेले पडदे घेऊन. संध्याकाळी जावई पोचला, तर आत उभं राहायला जागा नाही!

चष्मेवाल्याने त्याला दारातच गाठलं. "हा छापील फॉन्ट कुठला हो? किती स्वच्छ! माझ्या दुकानाला अगदी हाच द्या."

जावई कागद-मार्कर घेऊन गर्दीतून वाट काढत मशीनपाशी गेला. "आई, जरा अ ते ज्ञ लिहून देता? पाच मिनिटांचं काम आहे."

सासूबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "बाकावर बसा. तुमच्या आधी नऊ जण आहेत."

जावई बसला. शेजारच्या आजोबांनी त्याला आपुलकीने न्याहाळलं.

"तुमचं काय उसवलंय?"