नोंदवहीतला एकमेव जनरेटर

वीज दोन प्रकारची असते : नोंद असलेली आणि नोंद नसलेली. पैकी शॉक फक्त पहिलीचा लागतो. विज्ञानाला हे अजून माहीत नसलं, तरी आमच्या वीज कार्यालयाने कामतघरात ते लेखी सिद्ध केलं आहे.

आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या सहा शेड, दोन चाळी आणि धम्मदिनाताई साळवे यांची रक्त तपासण्याची लॅब आहे. लाइट गेली की गल्लीत चौदा डिझेल जनरेटर सुरू होतात. त्यांचा धूर दिसतो, आवाज नाक्यापर्यंत ऐकू जातो, आणि त्यांपैकी एकही अस्तित्वात नाही. (अस्तित्वासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज कार्यालयात मिळतो. कोणी मागितला नव्हता.)

धम्मदिनाताईंनी मागितला. त्यांचा स्वभावच तसा. रिक्षात चौथा माणूस बसला तर त्याला उतरायला सांगतात. लाइट गेली की लॅबमधलं रक्त खराब होतं, पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते, म्हणून त्यांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवलं आणि ते लाइनला जोडायची परवानगी मागितली.

परवानगीला अकरा महिने लागले. ही दिरंगाई नव्हे, काळजी होती. गच्ची ताईंची असल्याचा दाखला, गच्चीखाली घर असल्याचा दाखला आणि गच्चीवर ऊन पडण्यास शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र, एवढं दिल्यावर फाइल हरवली. सापडली तेव्हा तिच्यात दुसऱ्याच कोणाचा विहिरीवरचा पंप होता. (तो मंजूर झाला.) तिसऱ्या पाहणीच्या दिवशी ढग असल्याने सूर्य गैरहजर आढळला, व तसा शेरा मारण्यात आला.

शेवटी अभियंता तुळशीराम म्हात्रे स्वतः आले. त्यांनी समजावलं की लाइट गेली की ताईंचं सौर यंत्रही आपोआप बंद पडेल. ते बनवलंच तसं आहे. ज्यासाठी हे सगळं केलं, नेमकं तेच होणार नव्हतं. असं का, म्हणून ताईंनी विचारलं.

"लाइट जाते तेव्हा खांबावर आमचा माणूस असतो," म्हात्रे म्हणाले. "तुमची वीज उलटी लाइनमध्ये आली तर तो मरेल."

खांबावरचा माणूस तिथेच उभा होता. नवशा, अंबाडीकडच्या पाड्यावरचा, मीटर बसवायला आलेला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मग बरोबर आहे. जोडा."

लॅबच्या फ्रिजसाठी त्यांनी वेगळी बॅटरी आणली. इकडे कार्यालयात जनरेटरची कोरी नोंदवही उघडण्यात आली. (उन्हावर चालो की डिझेलवर, वीज तयार करतो तो जनरेटर.) अनुक्रमांक एक, साळवे धम्मदिना. अनुक्रमांक दोन आजही रिकामा आहे.

गेल्या मार्चात एका दुपारी लाइट गेली. नवशाने कार्यालयातून लाइन बंद करून घेतली, ताईंच्या यंत्राचा दिवा विझल्याची खात्री केली आणि खांबावर चढला. गल्लीतला कुठला तरी एक जनरेटर, लाइनपासून तोडणारा मेन स्विच न पाडताच सुरू झाला होता. त्याची वीज उलटी खांबावर गेली आणि नवशा खाली आला. शिडीने नाही.

ताई लॅबमधून धावत आल्या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या छातीवर दाब देत राहिल्या. तो वाचला; उजवा हात वाचला नाही. तेवढ्या वेळात गल्लीत तेरा जनरेटर चालू होते. चौदावा गुपचूप बंद झाला.

चौकशी तीन दिवसांत पूर्ण झाली, हा कार्यालयाचा विक्रम आहे. तर्कात कुठेही फट नव्हती : अपघात जनरेटरच्या विजेने झाला, नोंदवहीत जनरेटर एकच, सबब तोच. ताईंनी यंत्रातली नोंद दाखवली, की बारा वाजून चार मिनिटांपासून ते बंद होतं. म्हात्रे साहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले की बंद जनरेटरने अपघात करणं ही तर अधिकच गंभीर बाब आहे. नवशाने खाटेवरून जबाब दिला, "ताईंचा दिवा इझलेला व्हता. त्यो बघूनशीच मी वर गेलो." तो अपघातात स्वतः सहभागी असल्यामुळे त्याचा जबाब बाद झाला.

यंत्राला सील लागलं. पॅनेलवर अजून ऊन पडतं, पण विनापरवाना.

सील काढायचं तर गल्लीतल्या एका तरी माणसाने लिहून द्यायला हवं, की त्या दुपारी इतर जनरेटर चालू होते. ताई दारोदार फिरल्या. माझ्या शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांनी आरोप केला नाही. फक्त विचारलं, "तुम्ही आवाज ऐकला असेल ना, भाऊ?"

मी सांगितलं, त्या दुपारी मी दापोड्याला गोदामात होतो. (गल्लीतले सगळेच त्या दुपारी कुठे ना कुठे गेलेले होते. एवढी रिकामी गल्ली आणि एवढे चालू माग, हाही एक विक्रमच.) त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. फक्त एक करा : तुमच्या इमारतीचा जनरेटर लाइनला कसा जोडलाय, ते आज एकदा खाली जाऊन बघून या. नको म्हणता? बरोबर आहे. एकदा बघितलं की जबाब द्यावा लागतो.