चार तारखेनंतरची हजेरी

भरपाईच्या सुनावणीला मल्लेशकाका पोट धरूनच आले. अपूर्वाला वाटलं, दुखतंय. पण लातूरच्या कामगार कार्यालयात साहेबांसमोर उभं राहताच त्यांनी शर्टाची बटणं सोडली आणि आतून डाळमिलचा हजेरीपट काढला.

अपूर्वाचे वडील ज्ञानोबा त्या मिलमध्ये बावीस वर्षं हमाल होते. चार तारखेला तुरीच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून ते गेले. मालक श्रीनाथशेठ मात्र सांगत होते, ज्ञानोबांनी दिवाळीलाच काम सोडलं होतं. त्या दिवशी नुसते भेटायला आले होते. थप्पीखाली कोण कुणाला भेटायला जातं, हे अपूर्वा विचारत बसली नव्हती. वडील कामावर असताना गेले, एवढं तिला कागदावर हवं होतं.

"हे बगा साहेब," मल्लेशकाकांनी बोट ठेवलं. "चार तारीख. ज्ञानोबा हजर. मुकादम मीच हाय, हजेरी मीच मांडतो."

शेठच्या वकिलांनी पट ओढून घेतला. त्यांचं बोट पुढे सरकलं, थांबलं, मग भराभर सरकायला लागलं.

"पाचला हजर. सहाला हजर. अहो, अठरापर्यंत हजर आहेत की हे!"

मागे कुणीतरी हसलं. मल्लेशकाका जमिनीकडे बघत होते.

"मुकादम, मेलेला माणूस पोती उचलत होता?"

"न्हाई जी. नाव खोडाया हात उठंना. रोज म्हनायचो, उद्या खोडू."

"म्हणजे पट खोटा. मग चार तारीखही खोटी!"

मल्लेशकाका बटणं लावायला लागले. ती खाली-वर लागली. मायेनंच घात केला तर दाद कुणाकडे मागायची, हे अपूर्वाला कळेना.

साहेब मात्र पट उलटा चाळत दिवाळीपर्यंत गेले आणि परत आले.

"शेठ, रोजच्या रकान्याखाली ही सही तुमची?"

"हाव. रोज संध्याकाळी करतो. आता एकेक नाव कोण वाचून राहिलंय, साहेब?"

"दिवाळीपासून रोज यांच्या हजेरीखाली तुमची सही आहे. गेल्यावरही दोन आठवडे तुम्ही यांना कामावर धरलंत. आणि जिवंत होते तेव्हा कामावर नव्हते म्हणता?"

श्रीनाथशेठनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी पंख्याकडे.

साहेब लिहू लागले. टेबलापलीकडून, उलट्या बाजूने, अपूर्वाने ते वाक्य वाचलं: 'ज्ञानोबा हे कामावर असताना मरण पावले.' पुन्हा एकदा वाचलं. तिने पदर तोंडाशी धरला, तोच साहेबांचं पेन थांबलं.

"मुकादम, सगळे दिवस पूर्ण हजेरी, आणि तेरा तारखेला अर्धीच कशी?"

मल्लेशकाका ओशाळले.

"त्या दिवशी त्याचा दहावा होता, साहेब. आमी समदेच दुपारून कामावर आलो. एकट्या त्यालाच पुरा दिवस कसा लावू? खोटं झालं असतं की ते."