बोअरची ओटी

म्हसावदच्या शिवारात भूपेंद्रने मारलेल्या बोअरला पाणी चांगलं लागलं, पण त्या पाण्यात मोटार काही जाईना. पाण्याला टेकली की अडकायची. शेतात पपईची रोपं माना टाकून उभी होती, आणि लवकर पाणी मिळालं नाही तर यंदाची बाग गेली म्हणून समजा, असं भूपेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मोटार का अडकते, याचं कारण त्याच्या आईने, धनुबाईने, पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं. सून रंजिता बोअरच्या पूजेला चपला घालून आली होती. "देवी रुसनी," धनुबाईने जाहीर केलं, आणि तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी विषय चपलांवर येऊन थांबू लागला. रंजिता लोणखेड्याला कॉलेजात शिकलेली, तीही विज्ञान शाखेला. देवीचा आणि मोटारीचा संबंध नाही, असं तिने एकदा सांगून पाहिलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं.

काही दिवसांनी पुन्हा मोटार सोडली, तर ती आधीपेक्षाही वर अडकली. मोटार सोडणाऱ्यांनी हात टेकले. बोअर आतून ढासळतेय, दिवसेंदिवस अरुंद होतेय, ही बुजवा आणि दुसरी मारा, असा त्यांचा सल्ला पडला. शेवटी भूपेंद्रने धडगावकडच्या अजित पावराला बोलावलं. हा अजित बोअरचं आतलं माप घेतो, असं त्याला शहाद्याच्या बाजारात कळलं होतं.

अजितचं यंत्र म्हणजे लाटण्याहून जरा जाड, पुरुषभर उंचीची दांडी. "याला कॅलिपर म्हणतात, मावशी," त्याने धनुबाईला समजावलं. "हात मिटून तळाला जातं. तिथे त्याचे तीन हात उघडतात, आणि भिंतीला हात लावत लावत ते वर येतं. बोअर कुठे रुंद, कुठे अरुंद, सगळं या पडद्यावर दिसतं."

"समदं दिखस?"

"सगळं."

धनुबाई मटकन खाटेवर बसली. त्याला कारण होतं. बोअरला पाणी लागलं त्या संध्याकाळी, आसपास कुणी नाही असं पाहून, तिने बोअरची ओटी भरली होती. तिच्या सासूने विहिरीची भरली होती, तिने स्वतः भरली होती. नवं पाणी लागलं की त्याची ओटी भरायची, यात कुणाला विचारायचं काय? खणात नारळ आणि तांदूळ घेऊन, तांदूळ सांडू नयेत म्हणून पक्की गाठ मारून, तिने ती पोटली आत सोडली. फरक इतकाच, की विहिरीत बैलगाडी मावली असती आणि बोअरचं तोंड होतं वीतभर. पहिल्यांदा मोटार अडकली त्या रात्री हा फरक तिच्या लक्षात आला. पण तोवर ती चपलांचं बोलून बसली होती, आणि सुनेसमोर बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे घरातलं राज्यच सोडायचं.

तिने होता होईल तेवढं केलं. आज अमावस्या आहे म्हणाली. भूपेंद्रने मोबाइलवर पंचांग काढून दाखवलं, नव्हती. मग तिने अजितला आग्रह करून करून भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, की पोटभर जेवून माणूस जरा आडवा तरी होईल. तो जेवला, हात धुतले आणि यंत्र बोअरमध्ये सोडलं.

ते कडेकडेने सरकत तळाला गेलं, हात उघडून वर येऊ लागलं. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. "साडेसहा इंच, गोल, कुठेही ढासळलेली नाही," अजित म्हणाला. भूपेंद्रच्या चेहऱ्यावर रंग आला. तेवढ्यात पाण्याच्या पातळीपाशी रेघ झपकन आत गेली.

"इथे काहीतरी आहे. हातात अडकलंय." अजित सावकाश केबल ओढू लागला. धनुबाईने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा यंत्राच्या हाताला एक ओली पोटली लटकत होती. तिने नीट निरखून पाहिलं. हा खण जांभळा होता. तिचा तर पिवळा होता. जांभळा तिने आखाजीच्या सणाला रंजिताला दिला होता.

रंजिता खाली मान घालून उभी होती. पहिल्यांदा मोटार अडकल्यावर चपलांचं ऐकून ऐकून तिने विज्ञान शाखा बाजूला ठेवली होती आणि गुपचूप ओटी भरून देवीची समजूत काढली होती.

"हाई कोनी टाकं?" असं विचारता विचारता भूपेंद्रने खण ओळखला. मग त्याला जोर चढला. शिकली-सवरलेली बाई, बाग जळायला आली, असं बरंच काही तो बोलला. धनुबाईला आता नुसतं गप्प बसायचं होतं. ती थोडा वेळ बसलीही. पण सून पदराने डोळे पुसू लागली, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तिले काय बोलस? मीच सांगेल व्हतं तिले, ओटी भर म्हनीसन."

रंजिताने चमकून सासूकडे पाहिलं. पडद्यावरची रेघ निरखत अजित म्हणाला, "अजून एक आहे आत. पुन्हा सोडतो."

दुसऱ्या खेपेला पिवळा खण वर आला. हा खण रंजिताच्या आईने विहिणीला दिला होता, आणि आपण तो जपून पेटीत ठेवलाय असं विहिणीने पुन्हा पुन्हा कळवलं होतं. रंजिता त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. धनुबाई पपईकडे पाहत राहिली.

"ती बी मन्हीच शे," रंजिता म्हणाली. "दोनदा भरी मी."

अजितने शेवटचं माप घेतलं. रेघ तळापासून वरपर्यंत सरळ आली. मोटार सोडणारे लगेच आले. सगळं सुरळीत होतंय म्हटल्यावर भूपेंद्रला भक्ती सुचली. तो एक नारळ घेऊन बोअरच्या तोंडावर वाकला. दोघींनी दोन्हीकडून त्याचा हात धरला.

"फोड," धनुबाई म्हणाली, "आनि परसाद वाटी दे."

संध्याकाळपर्यंत पपईला पाणी पोहोचलं. ते पाहायला रंजिता निघाली आणि बोअरजवळ आल्यावर सवयीने चपला काढू लागली.

"ऱ्हाऊ दे, घाल चपला," मागून धनुबाई म्हणाली. "आठे काटा शेतस, पायले टोचतीन."