लोपीस सर आणि पलीकडची पाऊणकी

लोपीस सरांच्या गणिताच्या तासाला खडूपेक्षा सुरी जास्त लागायची. हातात वेलची केळ्यांची फणी, खिशात घडीची सुरी आणि चपलांना वाडीतला चिखल, अशा थाटात सर पाचवी ‘ब’मध्ये शिरत. अपूर्णांक शिकवायचे म्हणजे केळं कापायचं, एवढं त्यांचं शास्त्र. “फळ्यावरचा चतुर्थांश कुणी खाल्लाय काय?” असं ते विचारत. “गणित आधी जिभेला कळू दे. डोक्यात आपोआप जातं!”

कापणाऱ्याने आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा, असा वर्गाचा कायदा होता. त्यामुळे वर्गातली सगळ्यांत हावरट पोरं सगळ्यांत नेमकं कापायला शिकली. एकदा सरांनी भागाकारासाठी फणस आणला. उत्तर बरोबर आलं, पण चिकाने निम्म्या वर्गाच्या वह्या एकमेकींना अशा चिकटल्या की आयांनी शाळेत येऊन सरांची हजेरी घेतली. सर शांतपणे म्हणाले, “चूक झाली. तेल आणायला पाहिजे होतं.”

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. आगाशीहून एसटीने गिरीजच्या बाजूला यायचो आणि उतरलो की आधी सरांच्या वर्गात डोकावायचो. चित्रकलेसाठी एखादं फळ मिळेल ही आशा असायची. मिळायचं ते बहुतेक वेळा साल.

पलीकडे, लाकडी फळ्यांच्या पातळ भिंतीआड, पाचवी ‘अ’ होती. तिथे वर्तकबाई होत्या. बाईंचा पदर कधी ढळला नाही आणि पाढा कधी चुकला नाही. अभ्यासक्रमातून केव्हाच हद्दपार झालेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, त्या मुलांकडून तालात म्हणून घेत. माशा ‘ब’मधून ‘अ’मध्ये येतात, ही बाईंची कायमची तक्रार. “आमच्याकडच्या माशा हुशार, बाई. त्यांना पाढे पण शिकायचेत,” हे सरांचं उत्तर. बाई हसत नसत. आम्ही बाकीचे शिक्षक चहा पिता पिता मजा बघायचो.

एके दिवशी हेडसर वैतागले. एका शाळेत एक विषय दोन तऱ्हांनी शिकवलेला त्यांना खपेना. त्यांनी फर्मान काढलं की अपूर्णांकांवर दोन्ही वर्गांची परीक्षा घ्यायची. ज्यांचा वर्ग मागे पडेल त्यांनी आपली पद्धत बंद करायची आणि दुसऱ्याची उचलायची. पक्षपात नको म्हणून बाईंनी ‘ब’ची प्रश्नपत्रिका काढायची आणि सरांनी ‘अ’ची.

शाळेत दोन तट पडले. पीटीचे मास्तरसुद्धा केळ्यांच्या बाजूने तावातावाने भांडू लागले. मला मात्र धास्ती वाटत होती. कुणीही हरलं तरी शाळेतलं काहीतरी चांगलं जाणार होतं.

प्रश्नपत्रिकांच्या सायक्लोस्टाईल प्रती काढायचं काम माझ्याकडे होतं. आधी वर्तकबाई आल्या. म्हणाल्या, “पहिल्या प्रश्नात एक केळ्यांची फणी काढून द्या. नीट काढा हो, मुलांना ती मनात कापता आली पाहिजे.” मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पुढचे प्रश्न भोपळ्याचे, नारळाच्या खोबऱ्याचे, भाकरीचे होते. मग लोपीस सर कागद घेऊन आले. त्यात एकही फळ नव्हतं. ‘पाऊणकी लिहा. निमकी लिहा. खालच्या गाळलेल्या जागा तोंडी हिशेबाने भरा.’ मी स्टेन्सिल कापायला घेतलं. हसू आवरता आवरता एक केळं जरा वाकडं आलं.

निकाल लागला. दोन्ही वर्ग झाडून पास. हेडसरांनी दोघांना बोलावलं आणि वाकड्या केळ्याचा जाब द्यायला मलाही.

“अहो, मी स्पर्धा लावली होती! तुम्ही एकमेकांना पेपर वाढून दिलेत!”

“त्यांच्या मुलांना माझ्या रीतीने कशाला अडवू?” बाई म्हणाल्या. “त्यांना येतं. मी कान देऊन ऐकलंय. मधली भिंत पातळ आहे.”

हेडसर सरांकडे वळले. “आणि तुम्ही?”

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. नेहमीचा मिस्कीलपणा कुठे गेला कळेना.

“माझी बायको मरी संध्याकाळी रोजरीची प्रार्थना झाली की पोरांकडून पाऊणकी म्हणून घ्यायची. अगदी हाच ताल. मी ओट्यावर बसून तिची चेष्टा करायचो. आता मरी नाय. पोरं एक कुवेतला, एक मुंबईत. घरात रेडिओ सोडला तर कुणी बोलत नाय. बाईंचा वर्ग गप झाला असता, तर मी दिवसभर काय ऐकायचं?”

हेडसर टेबलावरचे कागद उगाचच नीट करू लागले. बाईंनी खाली बघत पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, “तुमचा तिसरा तास मोकळा असतो ना? मग भिंतीआडून कशाला ऐकायचं? आत येऊन बसत जा.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी मुद्दाम तिकडून गेलो. पाचवी ‘अ’च्या शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, लोपीस सर कसेबसे मावले होते. वर्ग पाऊणकी म्हणत होता आणि सरांचे नुसते ओठ हलत होते. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

“लोपीस सर, मोठ्याने म्हणा. मागचं बाक ऐकू येत नाही.”