मोहुर्लेभाऊंचे बांधलेले हात

घुग्घुसला आमच्या घरात टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. बाबा कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचे. ट्रक आले नाहीत की त्या दिवशी भाजीत पाणी वाढायचं. आई सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या झटकून विकायची आणि वर्षभर खोकायची. मी जमिनीवर बसून, मांडीवर पाट घेऊन शिकले आणि आमच्या अख्ख्या खानदानात पहिली पदवीधर झाले. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय. नागपूरच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा आईनं वस्तीभर पेढे वाटले. आणि त्या नोकरीत मला पहिलं काम काय मिळालं, तर एका साठीच्या माणसाचे हात खुर्चीला बांधायचं.

तो माणूस म्हणजे कंपनीतले माझे वरिष्ठ, आमचे मोहुर्लेभाऊ.

आमची कंपनी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. धानाच्या गिरण्या, पतसंस्था, मोहफुलं-हिरडा विकत घेणारी केंद्रं, अशी आमची गिऱ्हाइकं. दरवर्षी कंपनी त्यांच्या परिषदा भरवते, कधी चंद्रपूरला, कधी गडचिरोलीला. साहेब लोक स्टेजवरून पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात. मागच्या कोपऱ्यात, पुलावाच्या वासात, आमचं टेबल असतं. येईल त्याला नवीन सॉफ्टवेअरसमोर बसवायचं, एक काम सांगायचं आणि तो कुठं अडतो ते टिपून घ्यायचं. मदत मात्र करायची नाही.

हे शेवटचंच भाऊंना जमत नसे. समोरचा अडला की त्यांचा हात आपोआप माऊसकडे निघायचा. म्हणून सुरुवातीलाच ते खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातात द्यायचे आणि हात खुर्चीमागे घ्यायचे.

"बांध पोरी. ढिलं नको ठेवू, मले सोताचाच भरोसा नाई."

मी ताडपत्रीवाल्याची मुलगी. बाबांचीच गाठ मारायचे, ओढाल तितकी आवळणारी. पहिल्याच परिषदेत मूलचे एक गिरणीवाले आले, भाऊंकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काऊन व बाई, यायनं काही अफरातफर केली का?"

साहेबांना अभिप्राय हवा असायचा तो कागदावर, ताऱ्यांमध्ये. लोक बिचारे पाचच्या पाच तारे देऊन टाकायचे. एकानं तर सांगूनच टाकलं, "जेवण झकास होतं, मंग सॉफ्टवेअरबी झकासच असन." भाऊ अशा कागदांवर चहाचा कप ठेवायचे. "तोंडानं आपलं मीठ खाल्लं राह्यते, ते काय सांगन? बोटाले पाह्य. बोटाले मीठ नाई लागत."

आणि खरंच, बोटं सांगायची. एकदा धानोऱ्याकडचे एक काका बसले. मोहफुलांचं वजन भरताना एक रकाना रिकामा राहिला, आणि पडद्यावर लाल अक्षरात आलं, 'अवैध नोंद'. काका ताडकन उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "साहेब, जंगलातलं एक लाकूड नाई तोडलं मी. फुलं आपल्याच झाडाचे हायेत." त्यांच्या गावच्या नाक्यावर 'अवैध' हा शब्द वनखात्याच्या पाटीवर असतो, आणि त्याच्यापुढे दंड असतो. काकांना बसवायला आम्हाला दोन चहा लागले.

नागपूरच्या बैठकीत साहेब म्हणाले, या लोकांना ट्रेनिंग द्या. भाऊ म्हणाले, "दरवाजा तुमी ठेंगणा केला, अन् माणसाले म्हनता वाकाची ट्रेनिंग घे?" बैठक तिथंच आटोपली. पुढच्या खेपेला पडद्यावर आलं, 'काहीतरी भरायचं राहिलं, पुन्हा बघा'.

"माणूस नाई चुकत, खिडकी चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य; खिडकी म्हणजे पडद्यावरची चौकट. ऑफिसातला चहावाला साखर विसरला तरी तेच म्हणायचे.

वरोऱ्याहून परत येताना गाडीत मी एकदा विचारलं, "भाऊ, हे हात बांधायचं खूळ कुठून आणलं?" मला वाटलं, काहीतरी गमतीचं सांगतील.

त्यांनी तोंड बाहेरच्या कपाशीकडे वळवलं. मग म्हणाले, "या हातानं एका बाईची खुर्ची गेली."

ती बाई म्हणजे त्यांची बायको, सुमनबाई. दोघंही वरोऱ्याच्या एका पतसंस्थेत कारकून होते. तिथं कॉम्प्युटर आले. भाऊ झटकन शिकले. सुमनबाई सावकाश, एकेक अक्षर शोधत. त्या अडल्या की भाऊ शेजारच्या खुर्चीवरून म्हणायचे, "सरक, मी करतो." रोज.

"मले वाटे, मी तिले मदत करून राह्यलो. लोकबी म्हनत, नवरा असावा तं असा."

मग एक दिवस संचालकांना दिसलं, की या बाईंचं सगळं काम नवराच करतो. तर मग दुसरी खुर्ची कशाला? खुर्ची गेली. काही महिन्यांनी सुमनबाई कुरखेड्याला माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. भांडण नाही, तंटा नाही.

"जाताना फक्त म्हने, मले येत होतं हो. तुमी बसूच नाई देल्लं."

आता त्या तिकडच्या बायांच्या हिरडा-मोहफुलांच्या केंद्रात हिशेब बघतात. सॉफ्टवेअर आमचंच. परिषदेचं बोलावणं दरवर्षी जातं, आणि त्या दरवर्षी दुसऱ्या कोणाला पाठवतात.

"एक डाव माह्यासमोर बसाले पाह्यजे ते," भाऊ म्हणाले. "बस. मी हात नाई लावनार."

मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम.

त्यानंतरच्या गडचिरोलीच्या परिषदेत, जेवणाची पंगत उठत असताना, जांभळ्या काठाची साडी नेसलेली एक बाई टेबलाशी आली. पिशवी मांडीवर घेऊन बसली. नाव लिहून घ्यायला मी पेन उचललं, तर भाऊ माझ्याकडे बघत होते. "पोरी, आणखी एक गाठ मार."

मी मारली, आणि ही बाई कोण ते मला कळलं. बाईंनी त्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही पाहिलं.

काम नेहमीचंच होतं, मोहफुलं घेतल्याची पावती काढायची. वजन त्यांनी भरलं, भाव भरला. मग विकणाऱ्याचं नाव निवडायचं, आणि त्यासाठी कोपऱ्यात एक भिंगाचं इवलंसं चित्र होतं, ते कोणालाच सापडत नसे. सुमनबाईही तिथंच अडल्या. माऊसवरचा हात थांबला. मागे रांग वाढली.

भाऊंची खुर्ची करकरली. खुर्चीसकट ते वीतभर पुढे सरकले, मग पाय रोवून तसेच मागे गेले. रांगेतल्या कोणीतरी म्हटलं, "अवो बाई, तिकडं कोपऱ्यात..."

"चूप," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "कोणी सांगू नका त्यायले. त्यायले येते."

सुमनबाई क्षणभर थांबल्या. मग पुन्हा पडद्याकडे वळल्या. एक चुकीचं बटण दाबलं, मागे आल्या. दुसरं दाबलं, तेही चुकीचं. रांगेतले दोघे कंटाळून पान खायला गेले. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. मग प्रिंटर घरघरला.

बाईंनी पावती फाडली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. उठल्या, वळसा घालून आल्या आणि ती घडी करून भाऊंच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"बसाले शिकले म्हना तुमी," त्या म्हणाल्या.

"उशीर झाला," भाऊ म्हणाले.

"हो. झाला." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ते भिंग मोठं करा. आमच्या केंद्रातल्या बायाइले नाई दिसत ते." आणि कुरखेड्याची एस.टी. पकडायला निघून गेल्या.

मी गाठ सोडायला गेले तर भाऊ म्हणाले, "राहू दे थोडा वेळ."

आता भाऊ निवृत्त झालेत. वरोऱ्याला एकटेच असतात. टेबलाशी मी बसते, आणि माझे हात मला बांधावे लागत नाहीत. ते भिंग आम्ही मोठं केलं, त्याच्याखाली 'नाव शोधा' असं लिहिलं. आता तिथं कोणी अडत नाही. पण ते लहान होतं तेव्हाच, त्या दिवशी गडचिरोलीला, सुमनबाईंनी पावती स्वतः काढली. कोणाचाही हात लागला नाही.